इजियन समुद्रातली एसटी

ग्रीसमधल्या पिरेयस बंदरातून बेटांकडे सुटणाऱ्या बोटींबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज फोटोंनी करून ठेवला आहे. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली चकाकणारा समुद्र. इतक्या देखण्या ठिकाणी जाणारी बोटही सहलीचीच असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती एसटी आहे. नाक्सोस बेटावरच्या शाळेत बदली झालेली शिक्षिका, अथेन्सच्या इस्पितळात तपासणी करून घरी निघालेले आजोबा, सुट्टीवर चाललेला सैनिक, सिमेंटचा ट्रक, औषधांची खोकी, कुणाचा तरी नवा फ्रिज, हे सगळं एकाच बोटीत असतं आणि जानेवारीतही असतं. उन्हाळ्यात त्यात पर्यटकांची भर पडते, इतकंच. बोटीचं वेळापत्रक, तिची घाई, खलाशांचा आवाज, जागेसाठीची धडपड या सगळ्यामागे एसटीचाच हिशेब आहे. तो ज्याला कळला त्याचा प्रवास सुखाचा होतो. विमानतळासारखी सरबराई अपेक्षिणाऱ्याचा पहिला तास रागात जातो.

पिरेयस हे अथेन्सचं बंदर, पण ते अथेन्सचं उपनगर आहे असं तिथल्या माणसाला म्हणू नये. इसवीसनपूर्व ४९३ च्या सुमारास थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्या नेत्याने इथे तटबंदी सुरू केली. त्याच शतकात हिप्पोडामस या नगररचनाकाराने काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा आराखडा दिला, आणि आजही नकाशावर शहराचे चौकोन त्याच शिस्तीत दिसतात. नैसर्गिक बंदरं तीन. झेआ आणि मिक्रोलिमानो ही दोन लहान बंदरं आता खासगी नौका आणि मासळीच्या खानावळींची झाली आहेत. तिसरं, सगळ्यांत मोठं, ते फेरीबोटींचं. बंदराच्या प्राधिकरणात २०१६ पासून चीनच्या कॉस्को कंपनीचा ५१ टक्के वाटा होता, २०२१ मध्ये तो ६७ टक्के झाला. प्रवाशाला याचा फरक फारसा जाणवत नाही. त्याला जाणवतो तो बंदराचा आकार.

हे बंदर घोड्याच्या नालेसारखं वळलेलं आहे आणि त्याच्या काठाने ई-१ ते ई-१२ अशी फाटकं आहेत. ऱ्होड्स, कोस, पात्मोसकडची दोदेकानीज बेटं ई-१ वरून. खिओस, लेस्बोस ही उत्तरेची बेटं ई-२ कडून. क्रीटच्या मोठ्या रात्रबोटी ई-२, ई-३ च्या परिसरात. पारोस, नाक्सोस, सांतोरिनीची सिक्लाडीझ बेटं मुख्यतः ई-६ आणि ई-७, काही बोटी ई-९. एजिना, पोरोस, हायड्रा या जवळच्या सारोनिक बेटांसाठी ई-८. ई-११ आणि ई-१२ क्रूझ जहाजांसाठी, तिकडे फेरीच्या प्रवाशाचं काम नाही. मेट्रोचं पिरेयस स्टेशन ई-६ आणि ई-७ च्या समोर, रस्ता ओलांडला की फाटक. मेट्रोतून उतरलेल्या माणसाला समोर चार-पाच बोटी दिसतात आणि आपण पोहोचलो असं वाटतं. सांतोरिनीला जाणाऱ्याच्या बाबतीत ते बहुधा खरं असतं. ऱ्होड्सला जाणाऱ्याला मात्र तिथून पाण्याच्या काठाने अर्धी प्रदक्षिणा घालायची असते. बॅग ओढत चालायला पंचवीस-तीस मिनिटं सहज लागतात. बंदराच्या आत ई-७ पासून ई-१ कडे मोफत बस असते. ती भरली की पुढची येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून ई-१, ई-२, ई-३ च्या प्रवाशाने अर्धा तास जादा धरावा. फाटक कधी कधी आयत्या वेळी बदलतं. तिकिटावरचा नंबर महिन्याभरापूर्वीचा असू शकतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी कंपनीचा मेसेज किंवा संकेतस्थळ पुन्हा पाहावं.

विमानतळावरून येण्याचे दोन रास्त मार्ग आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून मेट्रोची तीन नंबरची निळी लाइन विमानतळ ते पिरेयस थेट धावते. सुमारे तासाभराचा प्रवास, गाडी साधारण ३६ मिनिटांनी एक, तिकीट ९ युरो. दुसरा मार्ग एक्स-९६ क्रमांकाची बस, तिकीट ५.५० युरो. ही बस चोवीस तास चालते, रस्ता मोकळा असेल तर तासाभरात आणि नसेल तर दीड तासात पोहोचवते. सकाळी सात-साडेसातला सुटणारी बोट पकडायची असेल तर मेट्रोवर भिस्त ठेवू नये, कारण विमानतळावरची पहिली गाडीच सहाच्या सुमारास निघते. रात्री उशिरा उतरलेल्याने बसने थेट पिरेयस गाठून बंदराजवळ झोपावं. हॉटेलं दिसायला साधी, पण त्या रात्री तुम्हाला सौंदर्य नको असतं, फाटकाशी जवळीक हवी असते. एक नंबरची हिरवी लाइन शहराच्या मध्यातून येते. तिचा पिरेयस ते थिसिओ हा तुकडा १८६९ मध्ये वाफेच्या इंजिनावर सुरू झाला होता. आज ती दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे: जुनी शान असलेली स्टेशनं आणि खिसेकापू. ओमोनिया, मोनास्तिराकीला चढताना दाराशी गर्दी करणारे सगळेच घाईत असतात असं नाही. पाठीवरची सॅक पोटावर घ्यावी.

आणखी एक चूक इतकी सर्रास होते की ती इथेच सांगून टाकलेली बरी. पिरेयस धरून अथेन्सची बंदरं तीन आहेत. मिकोनोस, तिनोस, आंद्रोसच्या पुष्कळ बोटी राफिनाहून सुटतात, आणि राफिना विमानतळाच्या बाजूला, पिरेयसच्या अगदी उलट दिशेला आहे. केआ, किथनोसच्या बोटी लाव्रिओहून. तिकीट काढताना ‘अथेन्स’ असं दिसतं आणि माणूस सवयीने पिरेयसला येऊन उभा राहतो. पिरेयसहून राफिनाला टॅक्सीने तास लागतो. तेवढ्यात बोट गेलेली असते.

तिकिटाचं गणित सोपं आहे. दोन जातीच्या बोटी असतात. एक मोठी, पोटात गाड्या घेणारी, चोवीस-पंचवीस नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाने जाणारी. दुसरी कॅटमरान, म्हणजे दोन अरुंद सांगाड्यांवर उभी असलेली, पस्तीस नॉटच्या पुढे पळणारी, भाडं साधारण दीडपट ते दुप्पट. मोठी बोट पारोसला सव्वाचार-साडेचार तासांत, नाक्सोसला साडेपाच तासांच्या आत, सांतोरिनीला साडेसात-आठ तासांत पोहोचवते. कॅटमरान सांतोरिनीला पाच तासांच्या आसपास. अडीच-तीन तास वाचवण्यासाठी जवळजवळ दुप्पट पैसे आणि शिवाय विमानासारख्या बंद डब्यात बसणं, हा सौदा बहुतेकांना परवडत नाही. पैशापेक्षा पोटाला तर नाहीच, ते पुढे येईल. मोठ्या बोटीवर सगळ्यांत स्वस्त तिकीट म्हणजे जागा मिळेल तिथे बसा. काही युरो जास्त दिले की नंबर असलेली आरामखुर्ची मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये ते थोडे पैसे जरूर द्यावेत, नाहीतर जिन्याच्या पायरीवर बसून प्रवास होतो. क्रीटची बोट रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुटून सकाळी सहाच्या आसपास इराक्लिओला लागते. तिच्यात केबिन घ्यावी. पूर्ण केबिन परवडत नसेल तर चार जणांच्या केबिनमधली एक खाट विकत मिळते, बायकांच्या आणि पुरुषांच्या केबिनी वेगळ्या असतात. पाच वर्षांखालच्या मुलाला बहुतेक ठिकाणी भाडं नसतं, पण तिकीट मात्र काढावंच लागतं. यात नोकरशाहीचा हट्ट नाही. २० सागरी मैलांपेक्षा लांबच्या प्रवासात बोटीवर कोण कोण आहे याची नावानिशी यादी किनाऱ्यावर असलीच पाहिजे, असा युरोपीय नियम आहे. यादीत नसलेल्या मुलाला बुडत्या बोटीत कुणी शोधणार नाही. तेव्हा पासपोर्टावर जसं नाव आहे तसंच तिकिटावर घालावं.

ऑगस्टची १५ तारीख इथेही गर्दीची, कारण वेगळं. तो मरियमच्या देहावसानाचा सण. तिनोस बेटावर त्या दिवशी बंदरापासून चर्चपर्यंत चढण गुडघ्यांवर रांगत जाणारे भाविक असतात. त्याच्या आदल्या आठवड्यात अर्धं अथेन्स गावाकडे निघालेलं असतं. त्या दिवसांची आणि ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आठवड्याची तिकिटं, विशेषतः गाडीसह, दोन महिने आधी काढलेली असावीत. बाकी उन्हाळ्यात पायी प्रवाशाला आठवडाभर आधीही जागा मिळून जाते. एक मेला खलाशांचा संप जवळजवळ ठरलेला. इतर वेळीही २४ तासांचे संप होतात, पण त्यांची घोषणा आधी होते.

बोटीवर चढणं हा पिरेयसचा गाभा. पायी प्रवाशाने सुटण्याच्या तासभर आधी फाटकावर असावं, गाडीवाल्याने दीड तास. बोट धक्क्याला पाठ लावून उभी असते. मागचा प्रचंड लोखंडी रॅम्प थेट काँक्रीटवर टेकलेला, त्यावरून ट्रक, मोटारी, दुचाक्या आणि माणसं एकाच वेळी आत शिरतात. माणसांसाठी कडेला पट्टा आखलेला असतो, तो सोडू नये. ट्रक बरेचदा उलटे आत जातात आणि उलट्या ट्रकच्या चालकाला तुम्ही दिसत नाही. गाडीत फक्त चालक बसलेला चालतो. बाकीच्यांनी उतरून पायी चढायचं, मग म्हातारी आई असली तरी. (तिच्यासाठी लिफ्ट असते, रॅम्पवरच्या खलाशाला आधी सांगायचं.) आत गेल्यावर खलाशी हाताने इशारे करत ‘एला, एला’ (ये, ये) ओरडतो आणि पुढच्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबवतो. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, चोरीचा अलार्म बंद करायचा. तो बंद केला नाही तर इंजिनांच्या थरथरीने रात्रभर बोंबलत राहतो, आणि बोट चालू असताना गॅरेजचे दरवाजे बंद असल्यामुळे तो बंद करायला तुम्हाला खाली जाताही येत नाही.

हेच सामानाचं. गॅरेजच्या भिंतीला लोखंडी फळ्या असतात, त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्या फळीवर मोठी बॅग ठेवायची. कुलूप नाही, पावती नाही. चोऱ्या क्वचित होतात, पण घाईत दुसऱ्याची काळी बॅग उचलली जाणं नेहमीचं. रंगीत फीत किंवा ओढणीची चिंधी बांधलेली बरी. पासपोर्ट, औषधं, स्वेटर, मुलाचं दूध आणि फोनचा चार्जर वर घेऊन जायचं, कारण मधल्या सात तासांत बॅग पुन्हा हाती येत नाही. स्वेटर ऑगस्टमध्ये कशाला, असं वाटतं. आतला एसी माणसाला गारठवतो आणि डेकवरचा वारा टोपी उडवतो.

रॅम्पची ही पद्धत इतकी सहज चालते याचं एक कारण पाण्यात आहे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पिरेयसला पाण्याची पातळी काही सेंटिमीटरांनीच वरखाली होते. धक्का आणि बोट यांची उंची दिवसभर तीच, त्यामुळे रॅम्प टाकला की झालं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीचा जन्म ग्रीसचाच. ती सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे बांधली गेली, प्रोटोपोरोस हे तिचं नाव. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईला आली आणि मार्चमध्ये सेवेत दाखल झाली. मुंबईत तिला वेगळंच पाणी भेटलं. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीत चार मीटरपेक्षाही जास्त फरक, म्हणून तिथल्या धक्क्यांची सगळी आखणी या फरकाभोवती करावी लागते. भाऊच्या धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये उडी मारलेल्या माणसाला पिरेयसचा कोरडा, सपाट रॅम्प फार सोपा वाटतो. सोपा तो आहे. सुरक्षित तो आपोआप होत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये याच बंदरात क्रीटची बोट सुटत असताना एक प्रवासी धावत रॅम्पवर आला. खलाशांनी त्याला ढकललं, तो पाण्यात पडला आणि बुडाला. बोट निघून गेली. ग्रीसमध्ये प्रचंड संताप झाला, निदर्शनं झाली, अटका झाल्या. दोष कुणाचा हे निर्विवाद आहे, तरीही प्रवाशाने यातून एक गोष्ट घ्यावी. रॅम्प उचलला जाऊ लागला की बोट सुटली असं समजायचं. तेव्हा बोटीच्या मागे पंखे फिरत असतात आणि रॅम्प व धक्का यांमधली फट दोन सेकंदांत हातभराची पुरुषभर होते.

आत बसायला जागा कुठे घ्यावी याला थोडं डोकं लागतं. सिक्लाडीझकडे जाणारी बोट आग्नेयेला तोंड करून चालते. सकाळचं ऊन डावीकडून येतं, उन्हाळी वाराही उत्तरेकडून, म्हणजे डाव्या-मागच्या अंगाने. तेव्हा सकाळच्या बोटीला उजव्या बाजूचा डेक सावलीचा आणि आडोशाचा. दुपार कलली की ऊन तिकडे सरकतं. पण किनारा पाहायचा असेल तर सुरुवातीला डावीकडेच उभं राहावं लागतं: आटिकाचा उघडाबोडका किनारा आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्या टोकाला सुनिओनचं समुद्रदेव पोसायडनचं देऊळ, लांबून दातांच्या कवळीएवढं. सिगारेट ओढणारे मागच्या डेकवर असतात आणि ते संख्येने बरेच असतात. धुराड्याच्या मागे बसलं तर डिझेलची काजळी शर्टावर येते.

खाण्याच्या बाबतीत बोट एसटीपेक्षा बरीच उजवी आहे. कॉफी थंड, फेसाळ आणि कडक, फ्रेडो एस्प्रेसो. एक पेला घेऊन ग्रीक माणूस तीन तास काढतो. चीजची पेस्ट्री तिरोपिता, पालकाची स्पानाकोपिता. सेल्फ-सर्व्हिसच्या काउंटरवर भात भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरच्या असतात, त्यांना जेमिस्ता म्हणतात. ते बहुधा शाकाहारी असतात, तरी खिमा आहे का हे विचारावं, कारण तशीही करतात. चर्चच्या उपवासाच्या दिवसांत वेगळे पदार्थ मिळतात, त्यात मांस, दूध, अंडी काही नसतं. हे ऐकून शाकाहारी मराठी माणूस खूश होतो, तेवढ्यात ताटात माकूल आणि ऑक्टोपस येतो. लाल रक्त नसलेले समुद्री जीव तिथे उपवासाला चालतात. धक्क्याबाहेर कुलुरी, म्हणजे तीळ लावलेली पावाची गोल कडी, विकणारे असतात. दोन घेऊन ठेवाव्यात, बोट लागली तर कोरडी कुलुरीच पोटात राहते.

आता वाऱ्याकडे येऊ. या सगळ्या प्रवासाचा खरा मालक तोच. जुलै-ऑगस्टमध्ये इजियनवर उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, मेल्तेमी. आभाळ निळंशार, ढगाचा पत्ता नाही आणि समुद्र पांढऱ्या फेसाने भरलेला. आपल्याकडे खवळलेला समुद्र म्हणजे काळं आभाळ आणि पाऊस, त्यामुळे हे दृश्य फसवतं. मेल्तेमी दिवसा चढतो, कधी तीन दिवस, कधी आठवडाभर टिकतो. ग्रीसमध्ये लहान मुलालाही वारा बोफर्टच्या आकड्यात कळतो. ६ बोफर्ट म्हणजे २२ ते २७ नॉट, ७ म्हणजे २८ ते ३३, ८ म्हणजे ३४ ते ४०. हवामान खात्याचा जोराच्या वाऱ्याचा अंदाज आला की तटरक्षक दल बोटींना निघायला मनाई करतं. मनाई सरसकट नसते, बोटीची जात आणि मार्ग पाहून असते. आधी लहान बोटी आणि कॅटमरान अडकतात, साधारण ६-७ पासून. मोठ्या बोटी ८ च्या आसपासपर्यंत चालतात. कॅटमरानला तर लाटेच्या उंचीची मर्यादा तिच्या परवान्यातच लिहिलेली असते. वेगाचं तिकीट काढलेला प्रवासी धक्क्यावर बसलेला आणि स्वस्त तिकीटवाला नाक्सोसला जेवत असलेला, हे चित्र दर उन्हाळ्यात दिसतं.

चाललीच तरी कॅटमरान हलते कशी हेही पाहावं. तिचे दोन अरुंद सांगाडे लाटेवर आपटत जातात, डेकवर जायला बहुधा परवानगी नसते, क्षितिज मीठ साचलेल्या काचेतून दिसतं. बोट लागणाऱ्याने गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात थांबत नाही. मोठ्या बोटीत खालच्या मजल्यावर, लांबीच्या मध्यावर बसावं, तिथे हेलकावा सगळ्यांत कमी. पुढच्या टोकाचे सोफे देखणे असतात, ते टाळावेत. जाताना वारा पाठीशी असतो, परतताना बोट वाऱ्यात नाक खुपसून येते. म्हणून जातानाचा प्रवास सुखाचा झाला याचा अर्थ येतानाचाही होईल असं नाही.

ही मनाई परदेशी प्रवाशाला फार जाचक वाटते. आकाश तर स्वच्छ आहे, मग बोट का नाही, असं काउंटरवर भांडण चाललेलं असतं. त्याचं उत्तर काउंटरवरचा माणूस देत नाही, पण त्याला ते माहीत असतं. ८ डिसेंबर १९६६ च्या पहाटे क्रीटच्या सूदाहून पिरेयसला येणारी इराक्लिओन ही बोट वादळात फाल्कोनेरा बेटाजवळ बुडाली. गॅरेजमधला एक शीतपेटीचा ट्रक नीट बांधलेला नव्हता. बोट हेलकावू लागली तसा तो सुटून बाजूच्या मालाच्या दारावर आदळत राहिला. दार उघडलं, पाणी आत. दोनशेहून अधिक माणसं गेली. कोकणच्या माणसाला १७ जुलै १९४७ ची रामदास बोट आठवेल. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, पावसाळी समुद्रात, किनाऱ्यापासून फार लांबही नाही, आणि सहाशेहून अधिक मृत्यू. क्रीटमध्ये त्या दुःखातून एक वेगळीच गोष्ट उभी राहिली. मालकांवर भरवसा उरला नाही म्हणून लोकांनीच वर्गणीसारखे लहान लहान शेअर घेऊन बोटींच्या कंपन्या काढल्या: १९६७ मध्ये खान्या शहरात आनेक, १९७२ मध्ये इराक्लिओत मिनोअन लाइन्स. शेतकरी, शिक्षक, दुकानदार भागधारक होते. पुढे दोन्ही मोठ्या उद्योगसमूहांकडे गेल्या, तो भाग वेगळा.

मग २६ सप्टेंबर २०००. एक्सप्रेस सामिना ही पिरेयसहून निघालेली बोट रात्री पारोसच्या तोंडाशी पोर्तेस नावाच्या खडकांवर आदळली. खडक नकाशावर होते, त्यांवर दिवा होता. बोटीच्या आतले पाणी अडवणारे दरवाजे बंद असते तर ती कदाचित तरली असती, पण ते उघडे होते. तासाभराच्या आत ती बुडाली, ८० हून अधिक लोक मेले, आणि पारोसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या काढून कित्येकांना वाचवलं. गॅरेजचे दरवाजे प्रवासात बंद का, ट्रकला साखळ्या का, तिकिटावर नाव का, सात बोफर्टला कॅटमरान का नाही, या सगळ्यांची उत्तरं या दोन रात्रींमध्ये आहेत. साखळी घट्ट करायला खलाशी गाडीखाली वाकलेला दिसला तर त्याला घाई करू नये.

मनाई झाली तर पैसे बुडत नाहीत. निघायला ९० मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल किंवा फेरी रद्द असेल, तर युरोपीय संघाच्या नियमानुसार (क्रमांक ११७७, वर्ष २०१०) प्रवाशाने निवडायचं: पैसे परत किंवा दुसऱ्या बोटीने त्याच ठिकाणी. पोहोचायला झालेल्या उशिराची भरपाई वेगळी मिळते. चार तासांपर्यंतच्या प्रवासाला एक तास उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, चार ते आठ तासांच्या प्रवासाला दोन तास, आठ ते चोवीस तासांच्या प्रवासाला तीन तास. उशीर याच्या दुपटीपेक्षा जास्त झाला तर ५० टक्के. पण कारण धोकादायक हवामान असेल तर भरपाई आणि हॉटेलचा खर्च मिळत नाही. इंजिन बिघडलं असेल तर मिळतो. म्हणून उशिराचं कारण लेखी मागून घ्यावं. मनाई उठली की साचलेल्या सगळ्या बोटी एकामागून एक सुटतात आणि तेव्हा फोन करत बसणाऱ्यापेक्षा धक्क्यावरच्या एजंटच्या खिडकीशी उभा असलेला माणूस आधी जातो.

बेटावर उतरणं चढण्याहूनही घाईचं. बेटाच्या वीसेक मिनिटं आधी घोषणा होते, आधी ग्रीकमध्ये, मग इंग्रजीत. लोक जिन्यांवर जमतात, गॅरेजचा दरवाजा उघडतो आणि तुम्ही गरम, डिझेलच्या वासाच्या अंधारात ट्रकांच्या मध्ये बॅग धरून उभे. वर तेव्हा काय चाललेलं असतं ते तिथून दिसत नाही. कप्तान बोट बंदराच्या तोंडाशी गर्रकन फिरवतो, पुढून नांगर सोडतो आणि नांगराची साखळी मोकळी करत उलटा मागे येतो. रॅम्प हवेत असतानाच उतरू लागतो, धक्क्यावरचे लोक फेकलेले दोर खांबांना अडकवतात, आणि दोर ताणले जायच्या आतच माणसं बाहेर पडू लागतात. पारोसला दहा-पंधरा मिनिटांत शेकडो माणसं आणि डझनभर ट्रक उतरतात, तितकेच चढतात. जोराचा वारा असेल तर कप्तान इंजिनं चालू ठेवूनच बोट जागेवर धरतो आणि रॅम्प काँक्रीटवर फूटभर पुढेमागे घासत राहतो. अशा वेळी खलाशाचा हात खाली येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही आणि रॅम्पच्या कडेला बिजागरीपाशी थांबायचं नाही. फारच वाईट परिस्थितीत कप्तान ते बेट सोडून पुढे जातो. मग पारोसचा प्रवासी नाक्सोसला उतरतो आणि उद्याची बोट शोधतो. या गडबडीत झोपून राहिलेल्याला कुणी उठवत नाही.

या घाईचा पाया पैशात आहे. मोठी बोट दिवसाला अनेक बंदरं करते, प्रत्येक ठिकाणचा उशीर पुढच्या सगळ्या बेटांवर पडतो. इकडे लहान बेटांचा हिशेब उलटा. हिवाळ्यात शंभर-दीडशे वस्तीच्या बेटाला बोट पाठवून कुणाला फायदा होणार? अशा मार्गांना सरकार अनुदान देतं, आणि २०१८ च्या कायद्याने बेटावर राहणाऱ्यांना आणखी एक सोय मिळाली. तेवढंच अंतर जमिनीवरून बसने किंवा रेल्वेने कापलं असतं तर जे भाडं पडलं असतं, त्याच्या वरची रक्कम त्यांना सरकारकडून परत मिळते. समुद्र हा रस्ताच आहे आणि बेटावर जन्मलो म्हणून त्याचा दंड भरायला नको, असा त्यामागचा विचार. आपल्या डोंगरी भागातल्या तोट्यातल्या फेऱ्या चालू राहाव्यात म्हणून भांडणाऱ्याला तो लगेच पटेल.

बेटांवरून पिरेयसला येणारे सगळेच सुट्टी संपवून येत नाहीत. १९२२ नंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, हाकललेले ग्रीक निर्वासित याच धक्क्यांवर उतरले आणि बंदरामागच्या कोकिनिया, द्रापेत्सोनात झोपड्या घालून राहिले. २०१६ च्या वसंतात सीरिया, अफगाणिस्तानचे हजारो लोक लेस्बोस-खिओसहून याच फेरीबोटींनी आले आणि ई-१, ई-२, ई-३ च्या गोदामांत व तंबूंत अडकून पडले. त्याच वेळी बाजूच्या फाटकांवरून पर्यटक चढत होते. जुलैपर्यंत ती जागा रिकामी करण्यात आली. आज तिथे त्याची काही खूण नाही.

परतीबद्दल एकच नियम, आणि तो मोडणारे दर उन्हाळ्यात भेटतात: बेटावरून निघणारी बोट आणि मायदेशाचं विमान एकाच दिवशी ठेवू नये. किमान एक रात्र अथेन्समध्ये किंवा पिरेयसमध्ये काढावी. मेल्तेमीच्या दिवसांत दोन. क्रीटची रात्रबोट घेतली तर ती पहाटे लागते. घाई नसेल तर केबिनमध्ये थोडा वेळ थांबू देतात, आधी विचारून ठेवायचं. हिरव्या लाइनची पहिली गाडी पाच-साडेपाचच्या सुमारास असते आणि एक्स-९६ काराइस्काकी चौकातून सुटते. ई-२, ई-३ कडून तिथवर यायला बंदराची बस सुरू झालेली नसेल तर पायी पंधरा-वीस मिनिटं धरावीत.